मुलं कशावर बोलतात?

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रातल्या माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "तिकडची मुलं वर्गात बोलतात, आपली तोंडातून शब्द काढत नाहीत." तिकडची म्हणजे अमेरिकेतली. मी पूर्वी साताऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे, आता न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये तोच विषय शिकवते, म्हणून दुजोऱ्यासाठी ते वाक्य माझ्यापुढे ठेवलं जातं. मी दुजोरा देत नाही. इथली मुलं बोलतात हे खरं आहे. पण ती कशावर बोलतात आणि कशामुळे बोलतात हे न पाहता नक्कल केली, तर नको ते उचललं जाईल आणि घेण्यासारखं इथेच राहील.

नको ते म्हणजे बोलण्याला गुण देणं. आपल्याकडे हा वाद एकदा चांगलाच पेटून गेला आहे. 2018-19 मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण काढून टाकले. शाळा ते सढळ हाताने वाटतात, तोंडी परीक्षा नावापुरती होते, असा आक्षेप होता, आणि त्यात तथ्य होतं. 2018 साली 89.41 टक्के लागलेला निकाल 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर आला. अकरावीच्या प्रवेशात सीबीएसईची मुलं पुढे जाणार म्हणून पालक हवालदिल झाले. गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. (त्या वर्षी कोविडमुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला होता, हे इथे सांगायला हवं.) एवढ्या गदारोळात मुलं तोंडी परीक्षेत नेमकं काय बोलतात, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारलाच नाही. सगळा वाद टक्क्यांचा होता.

इथेही अनेक शाळांत 'पार्टिसिपेशन'चे म्हणून काही गुण राखून ठेवतात. त्याचा परिणाम मी रोज पाहते. धडा न वाचता आलेला पण घरी जेवणाच्या टेबलावर मोठ्यांशी वाद घालायची सवय असलेला मुलगा पहिल्या पाच मिनिटांत हात वर करतो, काहीतरी ठोकून देतो आणि दिवसाचे गुण खिशात घालतो. होंडुरासहून नुकतीच आलेली, घरी स्पॅनिश बोलणारी मुलगी प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने अर्थ लिहून आणते आणि गप्प बसते, म्हणून तिचे गुण जातात. अशा गुणांमुळे घरातून आलेला फरक वर्गात पक्का होतो. साताऱ्याच्या माझ्या वर्गातल्या, खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुलींचं याच गुणांनी काय झालं असतं, ते मला वेगळं शोधून काढावं लागत नाही.

आणि अमेरिकेतले वर्ग सगळे बोलके असतात हाही गैरसमजच. मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात इथल्याच शाळांमध्ये विज्ञानाचे तास तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत, मग दुसऱ्याला उठवत किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकत. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबत, एरवी न बोलणारी मुलंही बोलत. एरवी ज्या 'तिकडच्या चर्चे'चं कौतुक होतं, तिचं मूळ न्यू हॅम्पशरमधल्या फिलिप्स एक्सेटर या श्रीमंत खासगी शाळेत सापडतं. 1930 मध्ये एडवर्ड हार्कनेस यांनी दिलेल्या देणगीतून तिथे लंबगोल टेबलं आली आणि एका टेबलाभोवती साधारण बारा मुलं बसू लागली. बारा! साताऱ्यात माझ्यासमोर ऐंशीच्या घरात मुलं असायची, तिघांच्या बाकावर चौघं. त्या वर्गाच्या शिक्षिकेला 'चर्चा घडवून आणा' असं परिपत्रक पाठवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तरीही मी हात टेकायला सांगत नाही, कारण टेबलाशिवाय आणि गुणांशिवायही मुलं बोलतात, हे मी युरोपातल्या प्रबोधनकाळाचं (रेनेसाँसचं) साहित्य शिकवताना पाहिलं आहे. खरं तर हा विषय मुलांना गप्प करायला सगळ्यात सोयीचा. इथली ठरलेली पद्धत अशी: पहिल्या तासाला पडद्यावर स्लाइड्स. फ्लॉरेन्स, मेदिची घराणं, गुटेनबर्गचं छापखान्याचं यंत्र, कोलंबस, एलिझाबेथ राणी, आणि 'माणूस केंद्रस्थानी आला' हे वाक्य. मुलं उतरवून घेतात. आपल्याकडे गाईडमध्ये 'प्रस्तावना' म्हणून जे असतं तेच इथे रंगीत होऊन येतं. वीस मिनिटांनी शिक्षिका विचारते, "काही प्रश्न?" प्रश्न नसतात. जे आधीच सांगून संपलं आहे त्यावर मुलाने काय विचारायचं?

मी मजकुरापासून सुरुवात करते, आणि तोही अपुरा देते. लंडनच्या नाटक मंडळ्यांमध्ये त्या काळी नटाला अख्खं नाटक मिळत नसे. हाताने नकला काढणं कष्टाचं, कागद महाग, आणि पूर्ण प्रत बाहेर गेली तर दुसरी मंडळी ते नाटक उचलणार ही धास्ती. म्हणून नटाला फक्त त्याची स्वतःची वाक्यं मिळत, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. आपल्या रंगभूमीवरचे लोक त्याला क्यू म्हणतात. समोरचा किती वेळ बोलणार, काय बोलणार, हे नटाला ठाऊक नसे. एडवर्ड ॲलिन हा त्या काळचा मोठा नट. रॉबर्ट ग्रीनच्या 'ऑर्लँडो फ्युरिओसो'मधल्या त्याच्या भूमिकेच्या कागदी पट्ट्या लंडनच्या डलिच कॉलेजात आजही जपलेल्या आहेत.

'हॅम्लेट'च्या पहिल्या दहा ओळींच्या मी अशा पट्ट्या करते आणि जोडीजोडीने वाटते. मध्यरात्र, किल्ल्याचा तट, दोन पहारेकरी. एक दुसऱ्याला सोडवायला आला आहे. एकीच्या पट्टीवर बर्नार्डो, दुसरीच्या पट्टीवर फ्रान्सिस्को. नाटकाचं नावही सांगत नाही. या वर्षी त्या होंडुरासच्या मुलीकडे फ्रान्सिस्को आला आणि बर्नार्डो आला वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलाकडे. त्याने "कोण आहे तिकडे?" असं ओरडून सुरुवात केली. तिचं बोट क्यूवर होतं. ती म्हणाली, "नाही, तूच उत्तर दे. थांब, आणि कोण ते सांग." पुढे कोणी बोलायचं हे पट्टी ठरवत होती, त्यामुळे मुलाला ऐकावंच लागलं. दोनदा वाचून झाल्यावर तोच म्हणाला, "हे उलटं आहे. पहाऱ्यावर ती उभी आहे, मी बाहेरून येतोय. 'कोण आहे' हे तिने विचारायला हवं." बरोबर आहे. शेक्सपिअरने प्रश्न चुकीच्या माणसाच्या तोंडी घातला आहे, कारण येणारा आधीच भेदरलेला आहे. हे मी सांगितलं नव्हतं.

मग ती मुलगी बोलली. फ्रान्सिस्को पहारा सुटल्याबद्दल आभार मानतो, थंडी फार आहे म्हणतो, आणि म्हणतो की माझं मन खचलं आहे. "पण का, ते हा विचारतच नाही," तिने बर्नार्डोकडे बोट दाखवलं. खरंच विचारत नाही. तो विचारतो, पहारा शांत गेला ना? "हा फ्रान्सिस्को नंतर परत येतो का?" तिने मला विचारलं. येत नाही. आणखी दोनचार वाक्यं बोलून तो जातो, आणि तीन-चार तासांच्या त्या नाटकात त्याचं मन का खचलं होतं हे कोणी सांगत नाही. त्यावर वर्ग जो पेटला तो घंटा होईपर्यंत. राजवाड्यात काहीतरी सडलंय हे एका साध्या शिपायाला सगळ्यांच्या आधी कळलं, इथपर्यंत मुलं आपली आपण पोचली. प्रबोधनकाळ म्हणजे काय, राजा आणि माणूस यांचं नातं तेव्हा कसं हलत होतं, हे त्यानंतर सांगितलं तेव्हा ऐकायला कान तयार होते.

आता पाठांतराबद्दल. घोकंपट्टीने मुलं मुकी होतात, तिकडे पाठांतर नाही म्हणून मुलं मोकळी, असं आपल्याकडच्या लेखांमधून फार सहज लिहिलं जातं. शेक्सपिअर ज्या प्रकारच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकला असं मानलं जातं, तिथे सकाळी उजाडता उजाडता तास सुरू होत आणि लॅटिन पाठ करून म्हणून दाखवावं लागे. पण पाठ केल्यावर तिथे काम संपत नसे. रॉजर ॲस्कम या इंग्रज शिक्षकाच्या 1570 साली छापलेल्या 'द स्कूलमास्टर'मध्ये पद्धत दिली आहे: लॅटिन उतारा मुलाने इंग्रजीत आणायचा, मूळ प्रत बाजूला ठेवायची, आणि थोड्या वेळाने आपल्या इंग्रजीवरून तो पुन्हा लॅटिनमध्ये लिहायचा. मग दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं. इरॅस्मस या डच विद्वानाने 'तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला' या एका वाक्याची दीडशेच्या वर रूपं करून दाखवली होती, आणि विद्यार्थ्यांनीही तसं करावं ही त्याची अपेक्षा. एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडायचा सराव असे. जे डोक्यात साठलं ते तोंडाने आणि हाताने उलटसुलट करून पाहायचं, असा तो सगळा खटाटोप होता. त्याच शाळांमधून पुढे नाटककारांची एक पिढी आली.

माझ्या साताऱ्याच्या मुलांना कविता चालीवर पाठ असायच्या, अभंग पाठ असायचे, ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घरातूनच आलेल्या असायच्या. इथल्या माझ्या मुलांना दोन ओळी तोंडी येत नाहीत, आणि त्यामुळे त्यांची चर्चा पुष्कळदा हवेत राहते. ओळ जिभेवर नसेल तर तिच्यातला कुठला शब्द खटकतो ते कळणार कसं? म्हणून मी इथे प्रत्येकाला दहा ओळी पाठ करायला लावते. आपल्याकडची माणसं ज्याला ओझं समजून टाकायला निघाली आहेत, ते मी इथे मुलांना आग्रहाने देते. पाठ झालेल्या ओळीवर पुढे काम होत नाही, हे आपल्याकडचं दुखणं आहे. इलाज त्याच्यावर व्हावा, पाठांतरावर नको.

याच संदर्भात एक गोष्ट मी इथल्या मुलांना दरवर्षी सांगते आणि ती आपल्याकडच्या इंग्रजीच्या वर्गातही सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं. शेक्सपिअरच्या मंडळीचं ग्लोब नाट्यगृह 1599 मध्ये उभं राहिलं, त्याच साली पैठणला एकनाथांनी देह ठेवला. शेक्सपिअर 1616 मध्ये गेला, त्याच साली गोव्यात राचोलला थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. शेक्सपिअरच्याच काळातला एक इंग्रज 1579 मध्ये गोव्यात उतरतो आणि मराठीला भाषांमधलं रत्न म्हणतो! आपल्या मुलांना प्रबोधनकाळ हा फ्लॉरेन्स आणि लंडनचा घरगुती मामला वाटतो, तो इतका जवळून गेला आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. राचोलची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, आजही उभी आहे, कोकण रेल्वेने जाऊन पाहता येते.

मग ऐंशी मुलांच्या वर्गात करायचं काय, असं माझी साताऱ्याची मैत्रीण विचारते. तिच्यासमोर अकरावीचा वर्ग असतो, आणि 2019 च्या इंग्रजी युवकभारतीत 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'चा उतारा आहेच. त्या नाटकात विणकर, सुतार, भाते दुरुस्त करणारा असे कारागीर राजाच्या लग्नासाठी नाटक बसवतात, आणि त्यांनाही असेच सुटे कागद वाटले जातात. फ्लूट नावाचा कारागीर आपली सगळी वाक्यं क्यूसकट एका दमात वाचून टाकतो आणि ओरडा खातो. मजकुरावर आज कोणाचा हक्क नाही, झेरॉक्सला काही रुपये लागतात. कागदाच्या पट्ट्या कापायच्या आणि बाकाबाकावर वाटायच्या. चाळीस जोड्या एकदम वाचतील, गोंगाट होईल, शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन पाहतील. येऊ देत. पंधरा मिनिटांनी प्रत्येक जोडीने एकच प्रश्न कागदावर लिहून द्यायचा, ज्याचं उत्तर त्यांना पट्टीत सापडलं नाही असा. पुढचा तास त्या प्रश्नांवर. अंतर्गत गुण द्यायचेच असतील तर त्या लिहिलेल्या प्रश्नाला द्यावेत, म्हणजे न बोलणाऱ्या मुलीचाही हिशोब होईल.

कागद वाटले जातात त्या प्रवेशात स्नग नावाचा जोडकाम करणारा सुतार आहे. त्याला सिंह करायचा आहे, आणि तो विचारतो की सिंहाचं लिहून झालं असेल तर आताच द्या, मला पाठ व्हायला वेळ लागतो. उत्तर मिळतं, तुला काही लिहिलेलं नाही, नुसती डरकाळी फोडायची आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलाला स्नगची पट्टी जरूर द्यावी, आणि नंतर पाचव्या अंकातलं पान उघडून दाखवावं. तिथे राजासमोर उभा राहून हाच स्नग यमकात आठ ओळी बोलतो.