पॅकेजमधल्या ऐंशी तपासण्या आणि उपकेंद्रातल्या पाच

मार्च जवळ आला की फोनवर आरोग्य तपासणीच्या पॅकेजच्या जाहिराती वाढतात. ऐंशी-नव्वद तपासण्या, घरी येऊन रक्त नेणार, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर. आयकराच्या जुन्या करप्रणालीत प्रतिबंधात्मक तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते, त्यामुळे आर्थिक वर्ष संपताना ही विक्री जोरात असते. मग काही दिवसांनी तेच रिपोर्ट घेऊन माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. बारा-पंधरा पानं, त्यात चार-पाच आकडे ठळक अक्षरांत, आणि चेहऱ्यावर धसका. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते. हा धसका उतरवण्यात जाणारा वेळ खऱ्या आजारांना मिळावा असं फार वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या ठळक आकड्यांबद्दल. रिपोर्टात जी 'नॉर्मल रेंज' छापलेली असते, ती बहुतेक वेळा अशी ठरवतात की शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णव जण तिच्यात बसावेत. उरलेले पाच निरोगी असूनही तिच्या बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचा निदान एक आकडा तरी रेंजबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. ऐंशी तपासण्यांत सगळं नॉर्मल आलं तर तेच नवल. मग त्या एका आकड्यापायी सोनोग्राफी, सोनोग्राफीत कुठेतरी बारीकशी गाठ, गाठीपायी स्कॅन, आणि महिनाभर घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

दक्षिण कोरियात हे देशभर घडलं. कॅन्सर तपासणीच्या सरकारी कार्यक्रमासोबत तिथल्या दवाखान्यांनी जादा पैसे घेऊन थायरॉइडची सोनोग्राफी द्यायला सुरुवात केली. १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान पंधरापट झालं. या कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. जे कॅन्सर आयुष्यभर गप्प पडून राहिले असते, ते शोधून हजारो लोकांच्या गळ्यावर सुरी चालली, आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर गोळी लागली. निरोगी प्रौढांना सरसकट तपासणीला बोलावल्याने मृत्यू कमी होतात का, याचाही हिशेब झालेला आहे. १७ अभ्यास, अडीच लाखांवर माणसं. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्याचं उत्तर आहे: जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

यावरून 'तपासणी म्हणजे नुसती लूट' असं मात्र कुणी समजू नका. मला नेमकं उलटं सांगायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली काही कसोट्या लिहून ठेवल्या, त्या मी आजही वापरते. आजार गंभीर हवा. तो काही काळ मुकाट वाढणारा हवा. त्या काळात तो पकडणारी साधी, माणसाला चालण्यासारखी तपासणी हवी. लवकर सापडल्याने फायदा व्हायला हवा. आणि सापडल्यावर उपचार हाताशी हवा. या कसोट्यांवर पॅकेजमधलं बरंचसं गळून पडतं. जे उरतं ते मोजकं आहे, स्वस्त आहे, आणि आपल्याकडे फुकट मिळतं.

तिशी ओलांडली की बीपी आणि शुगर दरवर्षी. तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड यांची तपासणी पाच वर्षांतून एकदा. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात हेच आहे, आणि ते तुमच्या गावाजवळच्या उपकेंद्रात व्हायला हवं. त्यालाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात: वय, तंबाखू, दारू, हालचाल किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, कंबरेचा घेर किती. बाईचा घेर ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषाचा ९० च्या पुढे गेला की धोक्याचे गुण वाढतात. एकूण गुण चारच्या वर गेले तर त्या माणसाला आधी बोलवायचं. सगळी मिळून दहा मिनिटं. लोक दारातूनच सांगतात, "नंतर या, आत्ता कामात आहे." त्या फॉर्मचा मला फार आदर आहे, कारण त्यात माणसाला त्याच्या जगण्याबद्दल विचारलं जातं. ऐंशी तपासण्यांच्या रिपोर्टात तंबाखूचा साधा उल्लेखही नसतो.

आणि तरी काय चित्र आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ३० ते ४९ वयाच्या ज्या बायकांनी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी केली होती, त्यांचं देशातलं प्रमाण १.९ टक्के होतं. स्तनांची तपासणी ०.९ टक्के. तोंडाची तपासणीही ०.९ टक्के. शंभरातली एक.

आम्हा बार्शी-धाराशिवकडच्या लोकांना हा आकडा जास्तच लागायला हवा. जगाला या तपासणीबद्दल जे कळलं, त्यातलं बरंच आमच्या गावांमधल्या बायकांमुळे कळलं. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ४९७ गावांत, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी फक्त एकदा केलेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या, थोड्या लहान गटात ६४. म्हणजे एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्या गटाला तपासणी दिली नाही त्यावरून पुढे टीका झाली, आणि ती टीका मला रास्त वाटते. त्या बायकांचं ऋण फेडायचं तर आज त्यांच्या लेकी-सुनांची तपासणी व्हायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटना आता हीच एचपीव्ही तपासणी आधी करा म्हणते, आणि तिचा नमुना बाई स्वतःचा स्वतः घेऊ शकते. आमच्याकडे ती अजून मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये पैसे मोजून होते.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने दुसरा अभ्यास केला. तिथे यंत्र नव्हतं. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं. गर्भपिशवीच्या तोंडाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी बघायचं. दर दोन वर्षांनी हे केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उपकेंद्रात हीच तपासणी करतात, तिला व्हीआयए म्हणतात.

मग बायका का येत नाहीत? अडाणीपणामुळे, असं उत्तर तयारच असतं. ते मला अजिबात मान्य नाही. त्या येत नाहीत कारण त्यांना भीती वाटते, आणि त्या भीतीला कारण आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातंय म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईला 'पुढे कॅन्सर होईल' असं घाबरवून पिशवी काढायला लावल्याच्या कहाण्या या पट्ट्यात घरोघरी माहीत आहेत. अशा बाईला तुम्ही म्हणणार, चला कॅन्सरची तपासणी करू. ती कशाला येईल? "मला काय धाड भरलीय," असं म्हणून ती विषय संपवते, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की तपासणीआधीचं आणि नंतरचं बोलणं हा तपासणीचाच भाग आहे. ते नसेल तर तपासणी झालीच नाही असं धरावं. त्या बाईला आधी सांगायचं की पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. साधी सूज असू शकते, किंवा कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधीचा बदल. तसा बदल असेल तर थर्मल अ‍ॅब्लेशन नावाचा उपचार आहे, मिनिटभराचा शेक, पिशवी जागच्या जागी राहते. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही, सासूला नाही, नवऱ्याला नाही. नको वाटलं तर कधीही थांबव म्हण. एवढं शांतपणे सांगितलं की बाई स्वतः तर येतेच, जावेलाही घेऊन येते. यासाठी दाराला कडी आणि मध्ये पडदा लागतो. मी काही उपकेंद्रांत पाहिलंय, तिथे टेबल आहे, दिवा आहे, पडदा नाही.

तंबाखूचंही तसंच. "सोडा हो ते," असं म्हणणं म्हणजे समुपदेशन नव्हे. ते त्या माणसाने हजारदा ऐकलेलं असतं. मी मिश्री लावणाऱ्या मावशींना विचारते, सकाळी डोळे उघडल्यावर किती वेळात लागते? पाच मिनिटांत लागत असेल तर सवय खोल आहे, नुसत्या निश्चयाने जाणार नाही, औषधाची मदत घ्यावी लागेल. तोंड उघडायला सांगते. स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर लगेच पुढे पाठवते. मग विचारते, कधीपासून सोडू या? तारीख त्यांची त्यांनी ठरवायची. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा सरकारी फोन फुकट आहे, तो नंबर तिथेच मोबाइलमध्ये घालून देते. हे सगळं चहा पिऊन होईल एवढ्या वेळात होतं.

बीपीबाबत पुरुषांना हात जोडून सांगते, एकदा मोजून घ्या. त्याच सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यावर औषध चालू होतं. घाईत जिना चढून आल्या आल्या मोजलेलं धरू नका. पाच मिनिटं टेकून बसा, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, हात टेबलावर, गप्पा बंद. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजा. आणि 'गोळी एकदा लागली की सवय लागते' हे डोक्यातून काढा. सवय गोळीची नसते. आजार राहतो म्हणून गोळी राहते.

आयुष्याच्या दोन टोकांना तर पॅकेजवाल्यांचं लक्षच नाही. बाळ जन्मल्यावर ४८ ते ७२ तासांत टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर थायरॉइड तपासता येतं. कमी असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर मूल इतर मुलांसारखं वाढतं. राहिलं तर मेंदूची वाढ कायमची खुंटते. यापेक्षा जास्त मोलाची रक्ततपासणी मला माहीत नाही. ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, दोष आहे की नाही याचा निकाल तिसऱ्या महिन्यापर्यंत, आणि मदत सहाव्या महिन्याच्या आत सुरू. डिस्चार्ज घेताना या दोन्हींबद्दल विचारा, कुणी सांगेल याची वाट बघू नका. पुढे अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांच्या तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल तर एचपीव्हीच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला.

गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी जोरात चालू आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात आदिवासी भागातल्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तिथे तर न बोलता हातात निकालाचं कार्ड देणं धोक्याचं आहे. वाहक माणूस, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच दोष आलेला, आजारी नसतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. हे समजावून न सांगता नुसतं कार्ड दिलं, की त्या कार्डावरून मुलीचं लग्न मोडतं, मुलाचं मोडत नाही.

आणि सत्तरीच्या आजोबांना ट्यूमर मार्करची, म्हणजे कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या रक्ततपासणीची, भेट देणाऱ्या लेकरांनो, तो पैसा चष्म्यावर, कानाच्या यंत्रावर, न्हाणीघरातल्या दांडीवर खर्च करा. सत्तरीनंतर प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पीएसए ही रक्ततपासणी करू नका, असं अमेरिकेतली तज्ज्ञ समितीही सांगत आली आहे. त्यांच्याशी बोला. झोप लागते का, जेवण जातं का, आजी गेल्यापासून करमतं का. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतीचा, नंबर चोवीस तास चालू असतो, तो म्हाताऱ्या माणसांसाठीही आहे.

आता शेवटची, पण मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. शिबिरं खूप होतात. २०२२ च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' हे बायकांच्या तपासणीचं सरकारी अभियान झालं, त्यानंतरही मोहिमा झाल्या, गर्दी झाली, फोटो आले. डाग सापडलेल्या बाईला जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळते. जायला एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत माणूस लागतो, आणि तिथे गेल्यावर 'पुढच्या मंगळवारी या'. ती पुन्हा जात नाही. तपासणी झालेल्यांचा आकडा वर पोचतो, तिचं काय झालं हे कुणी विचारत नाही. विल्सन-युंगनर यांच्या त्या कसोटीत उपचार हाताशी हवा असं म्हटलंय, ते याचसाठी.

येत्या ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की एवढं विचारा. उपकेंद्रात पडदा आणि कडी आहे का? आठवड्यातून एक संध्याकाळ ते उघडं राहील का, म्हणजे रोजंदारीवर जाणाऱ्यांना येता येईल? थर्मल अ‍ॅब्लेशनचं यंत्र जवळात जवळ कोणत्या दवाखान्यात आहे, आणि ते चालवायला शिकलेलं माणूस तिथे कोणत्या वारी असतं? गेल्या वर्षी गावातल्या किती बायकांना पुढे पाठवलं, आणि त्यातल्या किती जणींचा उपचार पूर्ण झाला? बाईचं नाव कुणीच घेऊ नये, फक्त आकडा मागा.