मग त्यांना काय धाड भरलीये?

गेल्या रविवारी आमच्या मंडळाचा गणपती झाला. न्यू जर्सीतल्या एका शाळेचं कॅफेटेरिया, दाराशी चपलांचा ढीग, आणि मसालेभाताच्या रांगेत माझ्यापुढे एक काका. १९७१ साली आलेले. केटररचा एक माणूस दोन्ही हातांत गरम पाण्याचा जड ट्रे घेऊन ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत आमच्यामधून गेला. काकांनी बाजूला सरून वाट दिली (तेवढे सभ्य आहेत) आणि मला म्हणाले, “हे मेक्सिकन लोक आपल्या कितीतरी आधीपासून आहेत इथे. आपण आलो खिशात आठ डॉलर घेऊन. आज आपण कुठे आणि हे कुठे! आपण जमवलं ना? मग ह्यांना काय धाड भरलीये?”

मी काहीही बोललो नाही. हातात ताट, ताटात अळूवडी, मागे पन्नास माणसं. शिवाय ते वडिलांच्या वयाचे. चोख उत्तरं मला नेहमी पार्किंग लॉटमध्ये सुचतात.

पण रात्रभर विचार केल्यावर लक्षात आलं, की दोन स्थलांतरित समाजांची आर्थिक तुलना ही एक कला आहे आणि ती फक्त काकांपाशी राहणं बरं नाही. पुढच्या पिढीला, निदान पुढच्या पंगतीला, ती यायला हवी. म्हणून ह्या सूचना.

पहिली सूचना. सुरुवात नेहमी आकड्याने करा. एकच आकडा पाठ असला तरी चालतो, किंबहुना एकच असावा. प्यू रिसर्च ह्या अमेरिकन संशोधन संस्थेचा घ्या: इथल्या भारतीय कुटुंबांचं २०२३ सालचं मध्यक उत्पन्न (निम्मी घरं त्याच्या वर, निम्मी खाली) १,५१,२०० डॉलर. ‘मध्यक’ म्हणायची गरज नाही, ‘सरासरी’ म्हणून द्या ठोकून, कोण बघतंय. त्या घरात कमावणारे किती, घर महागड्या बे एरियात आहे की स्वस्त आयोवात, तिथे भाडं काय, पाळणाघराचं बिल किती, हे विचारणारा माणूस नतद्रष्ट समजावा. आणि त्याच प्यूच्या पानावर खाली लिहिलंय, की पंचविशी ओलांडलेल्या भारतीयांत दर चारांतले तीन पदवीधर आहेत. तिथवर स्क्रोल करू नका. केलंत तर पुढचा प्रश्न पडेल, की खुद्द भारतात दहांतले किती पदवीधर? आणि मग तुम्ही ‘आपण’ म्हणता ते नेमके कोण?

दुसरी. स्पॅनिश बोलतो तो मेक्सिकन. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, एक्वादोर हे सगळे मेक्सिकोचे तालुके. मात्र तुम्हाला कुणी ‘पाकिस्तानी का?’ म्हणून विचारलं तर चार दिवस जेवण जाऊ देऊ नका.

तिसरी. इतिहास तुमचं विमान केनेडी विमानतळावर टेकलं त्या क्षणी सुरू होतो. त्याआधीचं काढू नये. १९२३ साली भगतसिंग थिंड नावाच्या माणसाला ह्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तू गोरा नाहीस, सबब तुला नागरिकत्व नाही. पुढे १९४६ मध्ये मेहेरबानी झाली आणि भारताला कोटा मिळाला: वर्षाला १०० माणसं. आमच्याकडे पुरणपोळीच्या रांगेत त्याहून जास्त असतात. त्या काळात कॅलिफोर्नियात राबणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांना जमीन स्वतःच्या नावावर ठेवता येईना, गोऱ्या बाईशी लग्न करता येईना. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी संसार थाटले ते मेक्सिकन बायकांशी. म्हणजे ज्या दोन समाजांना काका तराजूच्या दोन पारड्यांत बसवतात, ते युबा सिटीत आणि इम्पीरियल व्हॅलीत एका ताटात जेवत होते. हे मात्र पंगतीत सांगू नका, काकूंचा घास अडकेल.

चौथी. आठ डॉलर. हे आलंच पाहिजे. त्या पिढीतल्या प्रत्येकाच्या खिशात बरोबर आठच डॉलर कसे होते? कारण रिझर्व्ह बँक त्याहून जास्त परकीय चलन नेऊच देत नव्हती. ती गरिबी नव्हती, तो नियम होता. आणि दुसऱ्या खिशात मुंबईच्या व्हीजेटीआयची इंजिनियरिंगची पदवी होती, तिचं काय? ती कस्टम्सला दाखवावी लागली नाही म्हणून हिशोबात धरायची नाही का?

आता पाचवी, आणि ही नीट लिहून घ्या, कारण सगळी कला इथे आहे. चाळणीचा उल्लेख करायचा नाही.

चाळण म्हणजे अमेरिकेचा १९६५ चा स्थलांतराचा कायदा. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसाहेबांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी बसून त्यावर सही केली. आपल्यासाठी त्यात जे दार उघडलं ते मुख्यतः डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ अशांचं. आधी मुंबई-पुण्याच्या सरकारी कॉलेजात प्रवेश मिळणारे चाळून निघाले, मग त्यातले परदेशी विद्यापीठात जाऊ शकणारे, मग त्यातले व्हिसा मिळालेले. तीन चाळण्यांतून जो रवा खाली आला तो ताटात घेऊन आपण म्हणतो, बघा आमचा गहू किती बारीक! १९९० नंतर शिकलेल्या नोकरदारांसाठी एच-१बी व्हिसा आला, तीही चाळणच, नुसती भोकांचा आकार बदलला.

आणि १९६५ च्या आगेमागे मेक्सिकन लोकांचं काय चाललं होतं? १९४२ ते १९६४ ब्रासेरो नावाची योजना होती. युद्धात मजूर कमी पडले म्हणून अमेरिकेनेच मेक्सिकोतून माणसं बोलावली, ४५ लाखांहून जास्त करार झाले. हद्दीवर कपडे काढून अंगावर डीडीटी फवारत. सुरुवातीच्या वर्षांत पगारातले दहा टक्के ‘बचत’ म्हणून कापून घेतले, ते कित्येकांना कधी दिसलेच नाहीत. कॅलिफोर्नियाच्या शेतात तण काढायला आखूड दांड्याची कुदळ द्यायचे. दांडा मुद्दाम आखूड, म्हणजे माणूस दिवसभर कमरेत वाकलेलाच राहील आणि मुकादमाला लांबूनही कळेल कोण ताठ झाला ते. ती कुदळ बंद व्हायला १९७५ उजाडलं. १९६४ मध्ये योजना गुंडाळली, पण शेतातलं काम कुठे गुंडाळलं? माणसं येतच राहिली, कारण त्यांना बोलावणारे तेच होते. फक्त आता कागद नव्हते. ज्या कायद्याने काकांना दार उघडलं, त्याच कायद्याने मेक्सिकोच्या बाजूच्या दाराला पहिल्यांदा मोजमाप लावलं, आणि १९७६ मध्ये मेक्सिकोच्या वाट्याला जवळचे नातेवाईक सोडून वर्षाला २०,००० व्हिसा आले. लक्झेंबर्गलाही तेवढेच. ओव्हरटाइम आणि युनियनचे केंद्रीय कायदे १९३० च्या दशकात झाले, त्यातून शेतमजूर वगळले होते. आजही ते त्यात नाहीत.

काकांना हे समजत नसेल तर आपल्या भाषेत सांगतो. मी कऱ्हाडच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजचा. दसरा झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पाचटाची खोपी, पहाटे तीनला फडात, बाळ बांधावर. उन्हाळ्याच्या तोंडाला परत जायचे ते कधी कधी अंगावर उचल तशीच घेऊन. तर मी आमच्या होस्टेलच्या गच्चीवर उभा राहून म्हटलं असतं, “हे लोक चाळीस वर्षं इथे येतायत, आम्ही चार वर्षांपूर्वी आलो. आम्हाला कॅम्पसमध्ये नोकऱ्या लागल्या. ह्यांना काय धाड भरलीये?” तर लोकांनी मला काय म्हटलं असतं? कानाखाली आवाज काढला असता, आणि बरोबर केलं असतं. इथे तेच वाक्य पेनसिल्व्हेनियाच्या मश्रूम शेडकडे किंवा फ्रेस्नोच्या द्राक्षमळ्याकडे बोट दाखवून म्हटलं की ते ‘निरीक्षण’ होतं. लिंक्डइनवर टाकता येतं. ग्राफसकट!

आणि माझी फी? ती सांगतच नाही, लाज वाटते इतकी कमी होती. बाकीचे पैसे भरले महाराष्ट्राने. म्हणजे त्या कोयत्यानेही भरले, साबणाच्या वडीपासून काडेपेटीपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर देऊन.

असो. पुढची सूचना. कितवी ते विसरलो.

‘ते टॅक्स भरत नाहीत’ हे वाक्य अधूनमधून पेरत जा. कागद नसलेल्या कित्येकांच्याही पगारातून सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शनची वर्गणी, कापली जाते आणि म्हातारपणी त्यांना त्यातला छदाम मिळत नाही, हे सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. खरं तर हे एच-१बीवाल्यांना तरी समजायला हरकत नव्हती. दहा वर्षं भरायच्या आत परत गेलात की तुमचेही गेले. पण आपण ग्रीन कार्डाच्या रांगेतला आपला नंबर बघायला प्रायॉरिटी डेटचं बुलेटिन रिफ्रेश करण्यात गुंतलेलो असतो.

आपल्यातले ‘तसले’ मोजू नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान उतरलं, परत पाठवलेले १०४ भारतीय, हातात बेड्या. त्यात महाराष्ट्रातलेही होते. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडाच्या हद्दीवर, एमर्सनजवळ, गुजरातच्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब चोरवाटेने अमेरिकेत येताना बर्फात गोठून मेलं, त्यात दोन लेकरं. ही माणसं ‘आपण’ मध्ये धरलीत तर मध्यक हलेल. धरू नका. गॅस स्टेशनच्या काउंटरवर रात्रपाळी करणारा, न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडच्या देशी दुकानांत मागच्या दाराने आत जाणारा, तोही नको. स्पेलिंगची स्पर्धा, ‘स्पेलिंग बी’, जिंकणारी पोरगी हवी. तीन सीईओ हवेत. यश आलं की आपलं, विमान आलं की त्यांचं.

पांडुरंग खानखोजे हे नाव काढू नका. वर्ध्याचा माणूस. अमेरिकेत शेतकी शिकला, इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीत गेला, इंग्रजांना नको झाला, मायदेश बंद झाला. त्याला आसरा कोणी दिला? मेक्सिकोने. १९२० च्या दशकात चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात प्राध्यापक केलं, मक्यावर संशोधन करू दिलं, शेतकऱ्यांसाठी शाळा काढू दिल्या. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेराने रंगवलेल्या चित्रात मेजाच्या टोकाशी बसून भाकरी मोडणारा जो माणूस आहे, तो आपला खानखोजे. तिथे कुणी त्याला विचारलं नाही, की तुझे लोक इतकी शतकं शेती करतायत, मग तुमच्याकडे दुष्काळ का? आम्ही गणपतीत प्रश्नमंजूषा ठेवतो, त्यात हा प्रश्न मी दोनदा सुचवला. दोन्ही वेळा त्याऐवजी सिलिकॉन व्हॅलीवर प्रश्न आला.

परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्यांची जागतिक बँकेची यादी बघितलीत कधी? भारत पहिला, मेक्सिको दुसरा. म्हणजे महिन्याच्या शेवटी दोघंही एकच काम करतात, आईच्या खात्यात पैसे टाकतात. तुलना करायचीच होती तर इथून करायची होती ना, काका?

नाही, आता सूचना पुरे. काका, तुम्ही हुशार होतात, मेहनती होतात, बर्फात बस धरून नोकरीला गेलात, १९८७ मध्ये जर्सी सिटीत टिकली लावणाऱ्या बायकांच्या मागे टवाळ पोरं लागायची तेव्हा तुम्ही घाबरूनही इथेच राहिलात. ते तुमचं श्रेय, ते कुणी काढून घेत नाही. पण तो ट्रे घेऊन गेलेला माणूस तुमच्यापेक्षा कमी मेहनती आहे असं तुम्ही कशावरून ठरवलंत? तो सकाळी कधी उठला, तुम्हाला माहीत आहे? तुमच्या पुढ्यातला मसालेभात त्याने ढवळलाय. रेस्टॉरंटच्या मागे जाऊन बघा, तुमचा डोसा कोण घालतोय. तुम्हाला शिकलेले आईबाप, सरकारी कॉलेज आणि कागद मिळाले, त्याला तिन्ही मिळाले नाहीत. ह्यात धाड कुणाला भरायचा प्रश्नच येत नाही. माहीत नसेल तर विचारायचं, आणि विचारायचं नसेल तर भात घेऊन पुढे सरकायचं. तोंड बंद ठेवायला पदवी लागत नाही.

आणि मीही त्या रांगेत गप्प बसलो, त्याबद्दल मला कुणी झापलं तर चालेल.

काल रात्री काकांचाच फोन आला. मला वाटलं कुणीतरी चुगली केली. पण नाही. “अरे, तुझ्याकडे गवत कापायला येतो ना, त्या मेक्सिकनचा नंबर दे. आमचा फार मागायला लागलाय. हा कॅश घेतो ना?”

म्हटलं, काका, तो एक्वादोरचा आहे.

“तेच ते,” काका म्हणाले.

नंबर अजून पाठवलेला नाही. बायको म्हणते पाठव, त्याचं एक गिऱ्हाईक वाढेल. तिचंही बरोबर आहे. पाठवतो. पण आधी त्याला फोन करून सांगणार आहे, की ह्या घराला भाव दीडपट सांग.