रँकिनबाई एवढ्या एकट्या नव्हत्या

आठ मार्च जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो. ‘अमेरिकेत बायकांना मताचा हक्कसुद्धा नव्हता तेव्हा, १९१६ साली, मोंटाना राज्यातल्या पुरुषांनी जेनेट रँकिन या बाईला संसदेत पाठवलं. दोन्ही महायुद्धांच्या वेळी अख्ख्या सभागृहात एकट्या तिनेच, रडत रडत, युद्धाच्या विरोधात मत दिलं. मतदारांनी दोन्ही वेळा तिला घरी बसवलं आणि शेवटी तिचा मतदारसंघच नकाशावरून पुसला गेला.’ यंदा माझ्या भाचीने तो शाळेतल्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतला, म्हणून लिहायला बसले. रँकिनबाईंबद्दल मला अपार आदर आहे, आणि त्यांची गोष्ट अशी सांगितली जाते याचं वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त लागतं ते ‘पुरुषांनी पाठवलं’ हे. साऱ्या देशातल्या स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० ची, हे खरं. पण त्याआधी हा प्रश्न प्रत्येक राज्य आपापला सोडवत होतं. वायोमिंगमध्ये बायका १८६९ पासून मतदार होत्या. मोंटानात ३ नोव्हेंबर १९१४ ला सार्वमत झालं. बाजूने ४१,३०२ मतं पडली, विरोधात ३७,५८८. फरक चार हजारांचाही नाही. आणि तो खेचून आणणाऱ्या मोहिमेचं नेतृत्व केलं होतं खुद्द रँकिन यांनी. १९११ मध्येच त्या राज्याच्या विधिमंडळापुढे मताधिकाराची बाजू मांडून आल्या होत्या. मग खाणींची गावं, शेतवस्त्या, रेल्वेची ठाणी त्यांनी पालथी घातली. दोन वर्षांनी त्या स्वतः उभ्या राहिल्या तेव्हा याच कामातून जोडलेल्या बायका प्रचाराला होत्या आणि मतदानालाही होत्या. संसदेच्या निवडणुकीत मोंटानाच्या बायकांनी मत देण्याची ती पहिली वेळ. ‘पुरुषांनी पाठवलं’ म्हटलं की या सगळ्याजणी गोष्टीतून गायब होतात. (‘सगळ्याजणी’ हा शब्दही जपून वापरायला हवा. अमेरिकेतल्या सर्व मूलनिवासींना नागरिकत्व मिळालं ते १९२४ च्या कायद्याने, आणि मोंटानात मूलनिवासींची संख्या मोठी आहे.)

त्या जिंकल्या त्यात मतदारसंघाच्या घडणीचाही वाटा होता, आणि फिरत्या मजकुरात त्याचा मागमूस नाही. मोंटाना १८८९ ला राज्य झालं तेव्हा लोकसंख्येमुळे त्याला प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, एकच जागा मिळाली. त्यामुळे सारं राज्य मिळून एक मतदारसंघ. आकाराने तो महाराष्ट्राहून मोठा. पहिले प्रतिनिधी थॉमस कार्टर. १९१३ पासून जागा दोन झाल्या, पण राज्याचे दोन तुकडे केले गेले नाहीत. प्रत्येक मतदाराला दोन मतं, आणि राज्यभरात सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले दोघे निवडून. आपल्याकडे १९५२ आणि १९५७ च्या लोकसभा निवडणुकांत द्विसदस्य मतदारसंघ होते, ते आठवावेत, डॉ. आंबेडकर १९५२ ला ज्या मुंबई शहर उत्तरमधून पराभूत झाले तो तसाच. आपल्याकडे त्यातली एक जागा राखीव असे, मोंटानात तसं काही नव्हतं.

दोन मतं हातात असली की माणूस एक मत नेहमीच्या सवयीने देतो आणि दुसरं थोडं धाडसाने देऊ शकतो. १९१६ ला पहिले आले डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन इव्हान्स, दुसऱ्या आल्या रिपब्लिकन रँकिन. त्याच दिवशी मोंटानाने राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक विल्सन यांना कौल दिला होता. म्हणजे पक्षाची रेघ ओलांडून कित्येकांनी बाईंना मत दिलं असणार. एका जागेच्या लहान मतदारसंघात हे जमलं असतं का, याची मला शंका आहे.

आता युद्ध. २ एप्रिल १९१७ ला रँकिन यांनी शपथ घेतली आणि त्याच संध्याकाळी विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध मागितलं. ६ एप्रिलच्या पहाटे मतदान झालं: बाजूने ३७३, विरोधात ५०. पन्नास! त्यात सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचे सभागृहनेते क्लॉड किचिनही होते. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, आणखी सहा जण विरोधात गेले. रँकिन म्हणाल्या, ‘मला माझ्या देशाच्या पाठीशी उभं राहायचं आहे, पण युद्धासाठी मी मत देऊ शकत नाही.’ रडण्याचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांच्या अश्रूंवर रकाने भरले. युद्धाच्या बाजूने मत दिलेल्या फिओरेलो ला ग्वार्डिया यांना पुढे कुणीतरी विचारलं, बाई रडल्या का? ते म्हणाले, मला सांगता यायचं नाही, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, मला दिसत नव्हतं. त्या रात्री पुरुषांचेही डोळे भरले होते. गाजले ते फक्त बाईंचे.

याच्या पुढचं त्यांच्या चाहत्यांना ऐकायला आवडत नाही. डिसेंबर १९१७ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारण्याचा ठराव आला तेव्हा रँकिन यांनी बाजूने मत दिलं. युद्ध आधीच सुरू आहे, हा केवळ तांत्रिक भाग आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी विरोधात एकच मत पडलं, ते न्यूयॉर्कचे समाजवादी मेयर लंडन यांचं. मला हे मत पटत नाही. पण ते लपवून त्यांना देव्हाऱ्यात बसवणंही बरं नव्हे.

खऱ्या अर्थाने एकट्या त्या पडल्या ८ डिसेंबर १९४१ ला. पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी, जपानविरुद्ध ३८८ विरुद्ध १. बाहेर जमाव इतका खवळला की त्यांना टेलिफोनच्या खोक्यात शिरून पोलिसांना बोलवावं लागलं. इथे मजकूर बरोबर आहे. मात्र तीनच दिवसांनी जर्मनी आणि इटलीविरुद्धच्या ठरावांवर त्यांनी विरोध न करता फक्त ‘उपस्थित’ अशी नोंद केली.

‘मतदारांनी दोन्ही वेळा घरी बसवलं’ हे तर साफ चूक. प्रतिनिधिगृहाच्या जागेवरून मतदारांनी त्यांना एकदाही पाडलेलं नाही. १९१७ मध्ये विधिमंडळाने तो दोन जागांचा मतदारसंघ मोडून पूर्व आणि पश्चिम असे दोन केले. रँकिन यांचं ‘मिझूला’ हे गाव पश्चिमेत गेलं, आणि तिथे डेमोक्रॅट फार बळकट. तिथून लढण्यापेक्षा त्यांनी १९१८ ला राज्यभराची, म्हणजे सिनेटची, निवडणूक धरली. पक्षांतर्गत निवडणुकीत थोडक्यात हरल्या, मग तिसऱ्या पक्षाकडून उभ्या राहून तिसऱ्या आल्या; तरी सुमारे २६ हजार मतं मिळाली. त्यांच्याविरुद्ध फक्त युद्धाचं मत गेलं असंही नाही. जून १९१७ मध्ये ब्यूटच्या स्पेक्युलेटर खाणीत आग लागून १६८ कामगार मेले. त्यानंतरच्या संपात रँकिन कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि ॲनाकोंडा या बलाढ्य तांबे कंपनीचा रोष त्यांनी ओढवून घेतला. राज्यातली बरीच वर्तमानपत्रं त्या कंपनीच्या मुठीत होती.

१९४० ला त्या त्याच पश्चिम मतदारसंघातून निवडून आल्या. १९४२ ला उभ्याच राहिल्या नाहीत. त्यांच्या जागी माइक मॅन्सफिल्ड आले, ते पुढे सिनेटमध्ये बहुमताच्या पक्षाचे नेते झाले.

राहिला मतदारसंघ ‘पुसला जाण्याचा’ मुद्दा. १९१९ पासून बंद झालेला तो राज्यभराचा मतदारसंघ १९९३ ला परत आला, कारण १९९० च्या जनगणनेनंतर मोंटानाची एक जागा गेली. राज्याने न्यायालयात दाद मागितली, पण १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने जागावाटपाची पद्धत वैध ठरवली. मग पश्चिमेचे पॅट विल्यम्स आणि पूर्वेचे रॉन मार्लिनी हे दोन विद्यमान खासदार एकाच जागेसाठी भिडले, विल्यम्स जिंकले. त्यांच्यानंतर १९९७ पासून रिक हिल, डेनी रेबर्ग, स्टीव्ह डेन्स, रायन झिंकी, ग्रेग जियानफोर्टे, मॅट रोझेनडेल, सगळे रिपब्लिकन. २०१० च्या जनगणनेत तिथे ९,८९,४१५ माणसं होती आणि प्रतिनिधी एक. २०२० ला आकडा १०,८४,२२५ वर गेला, दुसरी जागा परत मिळाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये तो मतदारसंघ पुन्हा इतिहासजमा झाला. रँकिन वारल्या त्याला तेव्हा पन्नास वर्षं होत आली होती.

भाचीच्या वहीत आता ‘एकटी’ हा शब्द दोनच ठिकाणी उरला आहे. एक, ८ डिसेंबर १९४१. दुसरं हे: २०२४ च्या निवडणुकीपर्यंत मोंटानाने अमेरिकेच्या संसदेत, दोन्ही सभागृहं धरून, निवडून पाठवलेली बाई एकच.