एकच ब्लेड सगळ्याला चालतं, हे खोटं आहे

मुंबईत घराचं काम काढलं की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: "दातेरी डायमंड ब्लेड एकच घ्या, ग्रॅनाइटपासून टाइल्सपर्यंत सगळं कापतं. कडक आणि न झिजणारं बघा. पाणी लागत नाही. गार्ड काढला की चार इंची मशीनला पाच इंचीही बसतं. मिस्त्री वेगवेगळी ब्लेडं मागतो ते पैसे उकळायला." यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि काही जिवावर बेतणारी आहेत.

'न झिजणारं ब्लेड' ही मुळातली चूक. डायमंड ब्लेडला सुरीसारखी धार नसते, ते घासून कापतं. कडेच्या धातूत हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. वरचे कण बोथट झाले की भोवतीचा धातू झिजून ते गळून पडायला हवेत, तरच खालचे नवे कण उघडे पडतात. ग्रॅनाइटसारखा कठीण दगड हा धातू फारसा झिजवत नाही, म्हणून त्याला मऊ बाँडचं, म्हणजे कण धरून ठेवणारा धातू मऊ असलेलं, ब्लेड लागतं. वीट, वाळूचा दगड किंवा ताजं काँक्रीट यांची भुकटी धातू भराभर खाते, तिथे कडक बाँड हवा. कडक बाँडचं ब्लेड ग्रॅनाइटवर चालवलं की कड गुळगुळीत होते, ठिणग्या उडतात, कारागीर आणखी दाबतो आणि तापलेली चकती वाकते. अशा वेळी दाबू नका. विटेत दोन-चार काप घेतले की कड पुन्हा उघडते.

दातेरी ब्लेडच्या खाचांतून भुकटी बाहेर पडते, म्हणून काँक्रीटवर आणि भिंतीत झिरी पाडताना ते झपाट्याने चालतं. पण प्रत्येक दात टाइलच्या चकाकीवर आपटतो आणि कडेचे टवके उडतात. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड लादीला सलग कडेचं, पातळ ब्लेडच घ्यावं. ग्रॅनाइटच्या पट्ट्या आणि उंबरठ्यांसाठी नागमोडी कडेचं टर्बो.

पाण्याबद्दल मी सर्वांत आग्रही आहे. कोरडी चालणारी ब्लेडं मिळतात, हे खरं. पण ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका, असतो, आणि ओट्यासाठी मिळणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झ स्लॅबमध्ये तर बहुतेकदा ९० टक्क्यांच्या आसपास. ती धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. मुंबईतल्या बंद बाथरूममध्ये ती धूळ आधी कारागिराच्या छातीत जाते, मग घरातल्यांच्या. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क हवा. पाण्याची नळी असलेला मार्बल कटर वापरा, तो ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवर, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर, लावा. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतू नका, शॉक बसेल.

पाच इंचीचा हिशोब सोपा आहे. मार्बल कटर मिनिटाला १३,००० फेरे घेत असेल, तर ११० मिलिमीटरच्या, म्हणजे चार इंची चकतीची कड सेकंदाला सुमारे ७५ मीटर वेगाने फिरते. १२५ मिलिमीटरची, म्हणजे पाच इंची लावली की ८५. बहुतेक ब्लेडांची मर्यादा ८० असते. गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढलेला असताना चकतीचा तुकडा उडाला, तर तो थेट माणसाला लागतो.

राहिला मिस्त्री. लादी आणि ग्रॅनाइटचा उंबरठा असं दोन्ही काम असेल आणि त्याने दोन ब्लेडं मागितली, तर त्याची मागणी रास्त आहे. झिरीसाठी तिसरं मागितलं, तर तेही आणून द्या.