चेंडू थांबलेला असतो तेव्हा

अमेरिकन फुटबॉलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की तीन तासांच्या सामन्यात चेंडू जेमतेम ११ मिनिटं खेळात असतो, बाकी वेळ माणसं नुसती उभी असतात किंवा जाहिराती चालतात, मग लोक एवढे वेडे कशापायी होतात? शिवाय खेळाडूंच्या मेंदूला होणाऱ्या इजेचं काय?

११ मिनिटांचा आकडा मला मान्य आहे. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये सामने मोजून साधारण तेवढाच काढला होता. जाहिरातींची बाजूही मी घेणार नाही, त्या अतीच असतात. पण माणसं उभी असताना काहीच घडत नाही, हे मला अजिबात पटत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरच्या थोडं वर, पुढे जायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाआधी प्रेक्षकापुढे एक नेमका प्रश्न असतो: किती अंतर उरलंय, किती प्रयत्न उरलेत, आता धावणार की फेकणार? कसोटीत कर्णधार शॉर्ट लेगला माणूस आणतो तेव्हा आपण पुढच्या चेंडूचा अंदाज बांधू लागतो, तसंच हे.

१ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल घ्या, म्हणजे एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिएटल सीहॉक्स २४. चेंडू सिएटलकडे, गोलरेषा एक यार्डावर, ती ओलांडली की आघाडी त्यांची. दुसरा प्रयत्न. संघात मार्शॉन लिंचसारखा अंगावर माणसं घेऊन घुसणारा गडी. घड्याळ पळतंय, आणि न्यू इंग्लंडचे प्रशिक्षक बिल बेलिचिक टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवायची मोजकी संधी, घेत नाहीत! सिएटलकडे एकच टाइमआउट शिल्लक. लिंच चेंडू घेऊन धावला आणि अडला तर घड्याळ चालूच राहणार, ते थांबवायला हा टाइमआउट खर्च होणार. पास नुसता वाया गेला तर घड्याळ आपोआप थांबणार आणि आणखी दोन प्रयत्न हाती राहणार. म्हणून २६ सेकंद उरले असताना त्यांनी पास निवडला. दोन सिएटलकर एकामागे एक उभे होते. न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरने पुढच्याला जागच्या जागी रोखलं, आणि त्याचा साथीदार मॅल्कम बटलर मागच्याच्या आधी चेंडूवर पोचला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कुणीही न निवडलेला हा नवखा पोरगा. त्याच आठवड्यात सरावात याच चालीवर तो फसला होता. समोरच्यांचा पास मधेच पकडण्याला इंटरसेप्शन म्हणतात; एनएफएलमधला त्याचा तो पहिलाच, आणि त्यावर सिएटलचा सामना गेला. पास फेकायला नको होता, असं म्हणत लोक आजही भांडतात. मला तो निर्णय तितका वेडगळ वाटत नाही. पण हे भांडण सगळं चेंडू हलण्याआधीच्या क्षणांबद्दल आहे, हे बघा. नुसती हायलाइट्स पाहिली तर त्यातलं काहीच हाती लागत नाही.

मेंदूच्या इजेबद्दल मात्र तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मलाही छळतं. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा जुना खेळाडू माइक वेबस्टरचा २००२ मध्ये मृत्यू झाला, शवचिकित्सक डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत इजेच्या ज्या खुणा सापडल्या त्या २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. लीगने ते बरीच वर्षं मान्य केलं नाही, आणि हे अक्षम्य आहे. २०२४ मध्ये किकऑफचे, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्यांकडे पाठवून खेळ सुरू करण्याचे, नियम बदलले, ते भरधाव धडका कमी व्हाव्यात म्हणूनच. एवढ्याने भागणार नाही. हा आक्षेप घेऊन कुणी खेळ पाहणं सोडलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. कंटाळवाणा म्हणून सोडलात, तर घालीन.