मामीच्या फोनवरचं ‘जीव वाचवणारं’ इंजेक्शन

मामा व्हेंटिलेटरवर आहेत आणि लोकमान्यनगरातल्या कुणीतरी मामीला मेसेज ढकलला: ‘आयसीयूत बिल वाढवायला पेशंटला झोपवून ठेवतात. प्रोपोफॉलनेच मायकेल जॅक्सन गेला. डेक्समेडेटोमिडिन मागा, जीव वाचतो. ऐकत नसतील तर झोपेचं औषध बंद करा असं लेखी द्या.’ ही दोन्ही आयसीयूत झोपवून ठेवायचीच औषधं. मामीने मला फोन केला, ‘अगं, देऊ का लिहून?’ सगळं इंदूर हे वाचतंय म्हणे. आयसीयूत ड्यूटी करणाऱ्या बाईचं डोकं फिरायला एवढं पुरे.

आधी शेवटचं, कारण घातक तेच. घशात नळी असलेल्या माणसाची झोप चिठ्ठीवर तोडली, तर तो घाबरून नळी उपटतो. मिडाझोलम हे झोपेचं दुसरं औषध बरेच दिवस चालू असेल आणि एकदम काढलं, तर झटकेही येऊ शकतात. आणि स्नायू सैल करणारं औषध चालू असेल तर? माणूस आतून टक्क जागा, पण बोटही हलवता येत नाही, ओरडता येत नाही. हा सल्ला फॉरवर्ड करणाऱ्याला काही वाटलं नाही?

‘जीव वाचतो’ म्हणे. २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्पाइस-३ ही चाचणी आली. व्हेंटिलेटरवरचे सुमारे ४,००० पेशंट, निम्म्यांना सुरुवातीपासून डेक्समेडेटोमिडिन, निम्म्यांना नेहमीची औषधं. ९० दिवसांतले मृत्यू इकडे २९.१ टक्के, तिकडेही २९.१ टक्के! वर डेक्सवाल्यांची नाडी मंदावण्याचे आणि बीपी पडण्याचे प्रकार जास्त. त्यातल्या बऱ्याच जणांना तेवढ्याने भागेना म्हणून प्रोपोफॉल द्यावंच लागलं.

जॅक्सन घरी होता, नीट मॉनिटर नाही, व्हेंटिलेटर नाही. प्रोपोफॉल श्वास दाबतं. मामांना श्वास मशीन देतंय. आणि बिलाचीच काळजी असेल, तर मागायला सांगितलेलं औषध मिडाझोलमपेक्षा महाग पडतं.

एक मात्र कबूल करावं लागतं. गरजेपेक्षा गाढ झोपवलं जातं, पुष्कळ ठिकाणी. मिडाझोलम किडनी-लिव्हर थकलेल्या शरीरात साचतं, बंद केल्यावरही माणूस लवकर डोळे उघडत नाही, भ्रमात बरळतो. म्हणून शक्य तिथे ते टाळतात, झोप हलकी ठेवतात.

मामीला म्हटलं, लेखी काही देऊ नकोस. राउंडला डॉक्टर आले की विचार: हे किती गाढ झोपलेत, आज औषध कमी करून बघणार का, आणि नसाल तर का नाही?