तात्यांच्या फॉरवर्डला उत्तर

भावकीच्या ग्रुपवर तात्यांनी तिसऱ्यांदा तोच मेसेज टाकलाय: ‘फ्री रॅडिकल्स म्हणजे शरीरात साठणारं विष. सगळ्या आजारांचं मूळ तेच. अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्या, जितक्या जास्त तितकं चांगलं.’ वर तासगावच्या बेदाण्यांचा फोटो, खाली गोळ्यांच्या बाटलीची लिंक.

आधी ‘विष’. तात्या, ऑक्टोबर छाटणीत कात्री लागून तुमचं बोट पिकलं होतं. पुवाला हिरवट झाक होती, आठवतंय? पांढऱ्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवं एन्झाइम असतं, पुवाला अशी झाक बऱ्याचदा त्याचीच येते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीनं जंतू गिळला की ती भराभर ऑक्सिजन ओढते, त्याचं सुपरऑक्साइड करते. हे एक फ्री रॅडिकलच. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि हे हिरवं एन्झाइम त्याला क्लोराइडची जोड देऊन हायपोक्लोरस ॲसिड बनवतं. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते ना? पाण्यात जंतू मारतं ते हेच. म्हणजे तुमचं ‘विष’ शरीर मुद्दाम बनवतं.

काही मुलांत सुपरऑक्साइड बनवणारं एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असतं. मेसेजच्या हिशेबानं ही पोरं ठणठणीत हवीत. प्रत्यक्षात त्यांच्या पेशी जंतू गिळतात, पण काही जंतू त्यांना मारता येत नाहीत. फुप्फुसात बुरशी, यकृतात गळू. या आजाराला आज क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. १९५०च्या दशकात त्याच्या नावातच ‘प्राणघातक’ हा शब्द होता.

‘सगळ्या आजारांचं मूळ’ यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. संधिवातात सांध्याची झीज व्हायला ही रसायनं हातभार लावतात. पण वर सांगितलेल्या मुलांत ती बनतच नाहीत, तरी आतड्याला सूज येते. कारण सूज आवरायलाही तीच लागतात.

आता गोळ्या. अँटिऑक्सिडंट म्हणजे फ्री रॅडिकल्सना आवर घालणारा पदार्थ, बीटा कॅरोटीन त्यातलंच एक. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतल्या एका चाचणीतही तसंच दिसलं, तेव्हा १९९६ मध्ये ती मुदतीआधीच थांबवली.

तात्या, तुमची विडी अजून सुटलेली नाही आणि मागवलेल्या बाटलीवर बीटा कॅरोटीन लिहिलंय. ती परत पाठवा. बेदाणे राहू देत.